पत्रा, खटका आणि विक्रोळी

लालबाग म्हटलं की गिरण्या, मसाल्याच्या गल्ल्या आणि राजाची रांग. त्याच लालबागेत, गॅस कंपनीच्या शेजारी, 1897 साली एका लहानशा शेडमध्ये कुलपं बनायला लागली, हे तिथल्या जुन्या रहिवाशाला सांगितलं तरी तो मान तिरकी करून बघतो. भोवती कापडाच्या गिरण्या, त्यांची धुराडी, पाळीला धावणारे हजारो कामगार. आणि मधेच हे मूठभर माणसांचं कानस-हातोडीचं काम. सव्वाशे वर्षांनी हिशोब मांडला तर गंमत दिसते. धुराडी थंडावली, गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे टॉवर उभे राहिले. कुलूपवाल्याचा धंदा मात्र विक्रोळीला गेला आणि तिजोरी, कपाट, मतपेटी, टाइपरायटर, फ्रिज असं करत करत रॉकेटच्या इंजिनापर्यंत पोचला.

गोदरेज अँड बॉइस ही कंपनी मी लहानपणापासून बाहेरून बघत आलेय. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढलेल्या कुणालाही ती टाळता येत नाही. पण कंपन्यांचे गुळगुळीत कागदावरचे इतिहास मला वाचवत नाहीत. त्यात पानोपानी कुणाला तरी द्रष्टेपणा सुचत असतो, आणि पुढच्या पानावर कारखाना उभा. मला पडलेला प्रश्न साधा होता. कुलूप बनवणाऱ्याने फ्रिज का बनवावा? फ्रिज बनवणाऱ्याला अवकाशयानाचं काम कोण देतं? एका छपराखाली इतकी भेळ कशी काय जमते?

उत्तर मामाने दिलं. मामा गोदरेजमध्ये नव्हता. भांडुपच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याने आयुष्यभर पत्र्याचं काम केलं. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क. माझा प्रश्न ऐकून तो म्हणाला, "अगं, वेगवेगळ्या वस्तू कुठायत? सगळ्या पेट्याच आहेत. पत्रा नीट दुमडायचा आणि दार नीट लागलं पाहिजे. बस्स."

तेव्हापासून मी हा इतिहास पेट्यांचा म्हणूनच वाचते, आणि तो बराच सरळ वाटायला लागतो.

सुरुवात मात्र पेटीने झाली नाही. अर्देशीर गोदरेज यांचा जन्म 1868 चा. शिक्षण वकिलीचं. एका खटल्यासाठी झांझिबारला गेले आणि अशिलाची बाजू खरी आहे याची खात्री पटेना, म्हणून ती मांडायलाच तयार होईनात. असा वकील कुणाला परवडणार? परत मुंबईला आले आणि एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून लागले. तिथून डॉक्टरांची अवजारं बनवायचं डोक्यात आलं: कात्र्या, चिमटे, चाकू. मेरवानजी कामा या पारशी व्यापाऱ्याने भांडवल दिलं. माल उत्तम उतरला, गिऱ्हाईकही खूश होतं. फक्त त्यावर भारतात बनल्याचा छाप नको, असं त्याचं म्हणणं. माल तोच, दर तोच, पण छाप परदेशाचा हवा. अर्देशीर हटले नाहीत आणि धंदा बसला.

हा प्रसंग देशभक्तीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. ज्याला वकिलीत खोटं बोलता आलं नाही, त्याला पोलादावरही खोटं कोरता आलं नाही. हा स्वभावाचा भाग झाला. असल्या माणसाला पुढे कुलपाचा धंदा सापडावा हे चांगलंच झालं, कारण कुलपात थापा चालत नाहीत. ते लागतं किंवा लागत नाही.

मेरवानजी कामांनी पुन्हा पैसे दिले. त्यांचा बॉइस नावाचा एक नातेवाईक भागीदार म्हणून आला आणि फार दिवस टिकला नाही. नाव मात्र आजतागायत पाटीवर आहे. फुकटात अमर झालेला भागीदार म्हणायचा.

कुलपंच का, याचं सांगितलं जाणारं कारण असं, की मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी अर्देशीरांनी वर्तमानपत्रात वाचली. असेल. पण त्या वर्षाकडे जरा नीट बघा. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गावाकडे पळालं. खोल्या बंद, दुकानं बंद, चाळीच्या चाळी ओस. मागे राहिलं ते सामान. मुंबईत कुलपाची एवढी गरज याआधी कधी पडली नसेल. हा माझा तर्क आहे, कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही. पण 1897 च्या मुंबईत कुलपांचं दुकान उघडणारा माणूस नुसत्या वर्तमानपत्राच्या बातमीवर चालला होता, हे मला पटत नाही.

त्या काळी चांगलं कुलूप म्हणजे विलायती. देशी कारागिराची कुलपं हाताने घडवलेली, एकासारखं दुसरं नाही, आणि चोराला एक किल्ली सापडली की अर्धा मोहल्ला मोकळा. तरफांच्या कुलपाची रचना खरं तर सोपी आहे. आत एकावर एक पातळ पट्ट्या असतात. प्रत्येकीला एक खाच. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की खटका सरकतो. एक पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली तरी तो अडतो. म्हणजे सगळा खेळ मापाचा. पट्ट्या खाली दाबून धरायला स्प्रिंगा असतात, आणि स्प्रिंग हा कुलपाचा कच्चा दुवा; ती गंजते, थकते, तुटते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तर लवकरच. अर्देशीरांनी पहिल्या दहा-बारा वर्षांतच स्प्रिंग नसलेल्या कुलपाचं पेटंट घेतलं. या शहरात चार पावसाळे काढलेल्या माणसालाच हे सुचेल.

कुलूप मजबूत झालं की चोर कुलपाला हात लावत नाही, तो दार उचकटतो. मग दार मजबूत करायचं. दार मजबूत झालं की मागची बाजू फोडतो. या पाठशिवणीतून 1902 साली तिजोरी आली. मामाच्या भाषेत पहिली पेटी. तिजोरीत जितके सांधे जास्त तितक्या फोडायच्या जागा जास्त, म्हणून पत्रा कापून जोडण्यापेक्षा तो दुमडण्यावर भर. हे म्हणायला सोपं आहे. जाड पोलाद दुमडताना बाहेरच्या अंगाला ताणतं, आतल्या अंगाला आवळतं, आणि घडी सोडली की थोडं मागे येतं. किती मागे येईल हे त्या काळी कोष्टकात बघून कळत नव्हतं, हाताला कळत होतं.

आगीचं गणित आणखी वेगळं. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत असा मसाला भरतात, की तापल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि उष्णता त्या वाफ करण्यातच खर्ची पडते. कागद जळायला लागण्याआधी जेवढा वेळ मिळेल तेवढा. या दाव्याची परीक्षा मुंबईने घेतली. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा, सगळं एकाच पोटात. दुपारी आग लागली, चारनंतर दोन स्फोट झाले आणि गोदीच्या आसपासचा मुलूख पेटला. आग विझायला दिवसच्या दिवस लागले. ढिगारे उपसल्यावर ज्या तिजोऱ्या निघाल्या त्यांत गोदरेजच्याही होत्या, आणि आतले कागद शाबूत होते. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली कंपनी पैसे देऊन करू शकेल?

मधे साबणाचं प्रकरण झालं, ते मात्र पेटीच्या सूत्रात बसत नाही. 1918 च्या सुमारास वनस्पती तेलापासून साबण. तोवर बहुतेक साबणांत जनावराची चरबी असायची, त्यामुळे सोवळ्यातल्या घरांना तो चालत नसे. धंदा म्हणून तो मोठाच झाला आणि पुढे त्याची वेगळी कंपनी निघाली. मामाला विचारलं तर म्हणतो, "साबण म्हणजे भावाभावांतला विषय असेल, आपल्याला पत्र्याचं विचार." तर साबण बाजूला. अर्देशीर स्वतःसुद्धा पुढे मुंबई सोडून नाशिककडे शेती करायला गेले. त्याआधी 1921 साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख. कारखान्याचा गाडा धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या हाती आला.

1923 साली लोखंडी कपाट आलं, आणि इथून ही कंपनी आपल्या घरात शिरली.

आमच्याकडे आईच्या लग्नातलं कपाट होतं. रुखवतात चिवड्या-लाडवांच्या शेजारी ते उभं होतं म्हणे, हळदीकुंकवाची बोटं लावून. कन्नमवार नगरच्या इमारतींना लिफ्ट नाही. दोन हमालांनी दोरखंड लावून ते चढवलं. जिन्याच्या वळणावर भिंतीचा कोपरा तुटला, कपाटाला ओरखडा गेला नाही. तो तुटका कोपरा इमारत रिडेव्हलपमेंटला जाईपर्यंत तसाच होता.

मामाने एकदा ते कपाट मला वाचून दाखवलं. वाचूनच म्हणायला हवं. आधी दार उघडून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला लावला. कड कुठेच धारदार नाही, कारण पत्रा तिथे आत दुमडून घेतलेला. "ही घडी बोटाला लागू नये म्हणून नसते, दार वाकू नये म्हणून असते," तो म्हणाला. सपाट पत्रा लपलपतो. त्याला काठाने घडी मारली की ताठ होतो. मग दाराच्या आतल्या बाजूला, रंगाखाली, ओळीने बसलेले पुसट वाटोळे ठिपके दाखवले. स्पॉट वेल्डिंग. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत धरून क्षणभर वीज सोडली की तेवढ्या ठिपक्यापुरतं पोलाद वितळून एकजीव होतं. ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते बघायचं. नसतील तर कारागिराचं लक्ष घड्याळाकडे होतं. शेवटी मूठ फिरवली. मुठीबरोबर एक दांडा वर छताच्या भोकात जातो, एक खाली तळात, आणि मधला खटका बाजूच्या खाचेत. तीन ठिकाणी एकाच वेळी पकड. किल्ली फक्त त्या मुठीला अडवते. म्हणजे कुलूप एवढंसं, आणि पकड सगळ्या दाराची. मामाने मूठ तीन-चारदा फिरवली. दांड्यांचा आवाज ऐकायचा असतो, बघायचं काहीच नसतं.

या तपशिलात मी रमले, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं आहे. कुलपाच्या पट्ट्या कापणारा, पत्रा दुमडणारा, दार बसवणारा आणि या सगळ्यांसाठी डाय-पंच, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, घडवणारा टूल रूममधला माणूस, हे चौघं ज्याच्याकडे आहेत त्याला नवी वस्तू बनवायला फक्त निमित्त लागतं.

निमित्त दिल्लीहून आलं. पण त्याआधी जागा. पिरोजशांनी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. एकेकाळी ती ईस्ट इंडिया कंपनीने फ्रामजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याला दिलेली. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मधे शेतं आणि दलदल. लालबाग-परळ सोडून इतक्या लांब कारखाना कोण नेतो, असंच तेव्हा लोकांना वाटलं असणार. आणि त्या नव्या कारखान्यातलं पहिलंच मोठं काम म्हणजे मतपेट्या.

पहिली लोकसभा निवडणूक. 25 ऑक्टोबर 1951 ते 21 फेब्रुवारी 1952. मतदार सुमारे 17.3 कोटी, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. पद्धत सोपी, पण पेट्या किती लागतील बघा. देशभरात साधारण वीस लाख पेट्या आणि त्यासाठी 8,200 टन पोलाद. भागाकार केला तर पेटीमागे चार किलो. इतर कारखान्यांनाही काम वाटून दिलं होतं, पण एकट्या विक्रोळीतून बारा लाखांवर पेट्या निघाल्या, साधारण चार महिन्यांत. दिवसाला दहा हजार पडल्या. रात्रंदिवस प्रेस चालला असं धरलं तरी मिनिटाला सात.

त्यात अडचण कुलपाची होती. पेटीला बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढतो, आणि दर ठरला होता पाच रुपयांच्या आसपास. तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिराने आतला खटका काढला. झाकण बंद केलं की आतूनच लागतं, बाहेर कुलूप नको. देशाची पहिली निवडणूक ज्या खटक्यावर बंद झाली तो लालबागच्या शेडमधल्या खटक्याचा नातू होता. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत आवडतो. इथे कुणी साहेब स्वप्न बघत नाही. दर परवडत नाही म्हणून फिटर डोकं खाजवतो.

मामाला ही गोष्ट सांगितली तर तो खूश होण्याऐवजी संशयाने बघायला लागला. "चार किलो पत्रा, कापणी, घडी, वेल्डिंग, रंग, वर खटका, आणि पाच रुपये?" मी म्हटलं, 1951 चे पाच रुपये. त्याने मनातल्या मनात काहीतरी गुणलं आणि पुन्हा मान हलवली.

यापुढचा काळ समजून घ्यायचा तर कारखान्याच्या बाहेर बघावं लागतं. 1951 चा औद्योगिक कायदा आला. काय बनवायचं, किती बनवायचं, सगळ्याला परवाना. एका वस्तूचं उत्पादन दुप्पट करायचं तर दिल्लीच्या खेटा. त्यापेक्षा दुसऱ्या वस्तूचा परवाना मिळाला तर तो घ्या. परदेशी चलनाची टंचाई, त्यामुळे आयात बंद किंवा महाग. बाजारात स्प्रिंगा, स्क्रू, बिजागऱ्या हव्या त्या दर्जाच्या मिळत नाहीत, म्हणून त्याही घरीच बनवा. त्या बनवायला यंत्रं हवीत, तर यंत्रंही बनवा. या देशातल्या बहुतेक मोठ्या उद्योगसमूहांचा पसारा असा वाढला. त्याला विविधीकरण असं भारदस्त नाव नंतर मिळालं. तेव्हा ती निम्मी मजबुरी होती. आणि हेही खरं, की बंद दाराआड स्पर्धा कमी होती. गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. हे न सांगता नुसतं गुणगान केलं तर ते जाहिरातीसारखं वाटेल. फरक एवढाच, की त्या बंद दाराआड काहींनी कसाबसा माल काढला, आणि काहींनी टूल रूम घडवली. पिरोजशांचे चिरंजीव नवल गोदरेज दुसऱ्या प्रकारातले. यंत्र आणि डाय हा त्यांचा जीव की प्राण होता.

1955 साली टाइपरायटर आला, संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला. ही पेटी नव्हे, पण कुलपाची सख्खी बहीण नक्की. हजारोंच्या घरात लहान लहान भाग, सगळ्या तरफा, सगळं मापात. ज्यांनी कुलपाच्या पट्ट्या कापल्या त्यांनाच अक्षर उमटवणारे टाइपबार कापता येणार. मी मराठी टायपिंग शिकले ते अशाच एका मशीनवर, स्टेशनजवळच्या क्लासमध्ये. 30 शब्दांची परीक्षा, मग 40 ची. देवनागरी मशीनवर काही किल्ल्या दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही, अक्षर उमटून तिथेच थांबतं. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी मारायची आणि मग तिच्या पोटात क. वेलांटी आणि क यांच्यात अंतर पडलं तर सर पट्टीने बोटांवर मारत. सत्तर-ऐंशीच्या दशकात मराठी घरातल्या किती मुलींनी या खडखडाटावर मंत्रालयात, बँकेत, एलआयसीत नोकऱ्या धरल्या याची मोजदाद कुणी केलीय का माहीत नाही, पण करायला हवी. नव्वदच्या दशकात सुद्धा कंपनी वर्षाला हजारोंनी मशीन काढत होती. उत्पादन थांबलं 2009 साली, शिरवळच्या कारखान्यात. जगभर बातम्या झाल्या. आमच्या क्लासच्या जागी तोवर मोबाइल रिपेअरिंग आलं होतं.

1958 साली फ्रिज. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी सहकार्य करून. पुन्हा पेटीच, पण आता उलट्या कामाची. तिजोरीत बाहेरची उष्णता तासभर अडवायची, इथे ती वर्षानुवर्षं अडवायची. दुहेरी भिंत तीच, मधला मसाला बदलला. दार अजूनही सगळ्यात महत्त्वाचं. दारात नोट धरून ओढून बघायची जुनी युक्ती अजून चालते. अलगद निघाली तर रबर गेलं. पुढे फोर्कलिफ्ट आली, कार्यालयीन फर्निचर आलं, रासायनिक कारखान्यांसाठी प्रचंड दाबाची पात्रं आली. ही यादी लांबवण्यात अर्थ नाही. पत्र्याचा गेज जाड होत गेला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

या सगळ्यात विक्रोळीला वसाहत झाली, शाळा झाली, पिरोजशानगर झालं. कंपनीच्या हद्दीत झाडं एवढी, की लोकलमधून डोकं बाहेर काढलं तर तिथे हवा बदलल्यासारखी वाटते. खाडीच्या अंगाला तिवरांचं जंगल त्यांनी राखलं. मुंबईत ज्याच्या हाती जमीन तो भराव घालतो, अशी रीत असताना हे झालं याचं श्रेय दिलंच पाहिजे.

रॉकेटच्या विकास इंजिनाचं ऐकलं तेव्हा मात्र मला पेटीचं सूत्र सोडून द्यावंसं वाटलं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात आणि चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या मधल्या टप्प्यात ही द्रवइंधनाची इंजिनं असतात. आराखडा आणि चाचणी इस्रोची. घडवण्याचं काम ऐंशीच्या दशकापासून काही मोजक्या कारखान्यांकडे, त्यातला एक विक्रोळीचा. एका इंजिनाचा रेटा साधारण 80 टनांचा. आत दोन द्रवं, जी एकमेकांना नुसती भेटली तरी पेट घेतात. त्यांना योग्य क्षणापर्यंत वेगळं ठेवायचं आणि मग योग्य प्रमाणात भेटवायचं. मामाला हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, आता बोल. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे गळता कामा नये. पेटीच ती." वाद संपला.

आता थोडं कडू. आज विक्रोळीचं नाव निघालं की कुणी पत्र्याबद्दल बोलत नाही, एकरांबद्दल बोलतं. लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. त्यातले बहुतेक मॉल आणि टॉवर झाले. जिथे साबण शिजत होता तिथेही आज इमारती आहेत. बुलेट ट्रेनसाठी लागणाऱ्या तुकड्यावरून कंपनी कोर्टात गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, नुकसानभरपाई 264 कोटी. 30 एप्रिल 2024 ला कुटुंबाची वाटणी जाहीर झाली. एका बाजूला साबण, ग्राहकोपयोगी वस्तू, घरबांधणी. दुसऱ्या बाजूला जमशेद गोदरेज आणि स्मिता कृष्णा यांच्याकडे गोदरेज अँड बॉइस आणि तिच्याबरोबर विक्रोळीची सुमारे 3,400 एकर जमीन. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मथळे जमिनीचे होते. कुलपं, कपाटं, इंजिनं आतल्या रकान्यात.

मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. मुंबईत जमिनीच्या भावाने कारखान्याशी स्पर्धा केली की कारखाना हरतो, गिरणगावाने हे आधीच बघितलंय. पण ज्या शहरात मिनिटाला सात मतपेट्या निघत होत्या तिथे आता पत्र्याला घडी मारणारा हात शोधावा लागतो. मामाचं वर्कशॉप बंद झालं. शेवटचा प्रेस भंगारात किलोवर गेला, डायसकट.

विक्रोळीत कंपनीचं स्वतःचं अभिलेखागार आहे. जुनी कुलपं, कॅटलॉग, टाइपरायटर, मतपेटीही. अभ्यासकांना आधी कळवून जाता येतं. मी पत्र पाठवलंय, आणि सोबत येणाऱ्याच्या रकान्यात मामाचं नाव लिहिलंय. अभ्यासाचा विषय काय लिहायचा म्हणून त्याला विचारलं.

"लिही काहीही," तो म्हणाला. "मला फक्त तो आतला खटका बघायचाय. किती घड्या आहेत ते मोजतो, मग सांगतो पाच रुपयांत कुणाला परवडलं ते."